टेकडीवर मी नेहमी शेवटची, ग्रुप सोडू का?

पत्र:

ताई, नमस्कार. मी 41 वर्षांची, कोथरूडला राहते, बँकेत नोकरी. दीड वर्षापूर्वी मॉर्निंग वॉक करता करता पळायला लागले आणि आता सपाटीवर 10 किलोमीटर 72 मिनिटांत होतात, फार दमही लागत नाही. सहा महिन्यांपासून एका रनिंग ग्रुपमध्ये आहे. रविवारी सगळे टेकडीवर आणि महिन्यातून एकदा सिंहगडच्या घाटात जातात, तिथं माझी पार वाट लागते. पहिल्या वळणालाच धाप लागते, मग चालते, मग लाज वाटते म्हणून परत पळते. सगळे वर माझ्यासाठी थांबलेले असतात, मी पोचले की टाळ्या वाजवतात आणि लगेच निघतात! एकजण म्हणाले वजन कमी करा, एकीने सांगितलं कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, 180 पाहिजे, सर म्हणतात नुसत्या येत राहा, होईल. उतरताना गुडघ्यात पुढच्या बाजूला दुखतं ते वेगळंच. साताऱ्याची हिल मॅरेथॉन करायची फार इच्छा आहे. ग्रुप सोडून एकटीने तयारी करू का? आणि चढावर चालणं म्हणजे चीटिंग का?
– शेवटून पहिली, कोथरूड

अगं शेवटून पहिली,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू उद्गारचिन्ह टाकून हसण्यावारी नेलंयस. मी पोचले की टाळ्या वाजवतात आणि लगेच निघतात. आता जरा हिशोब कर. समजा तो चढ त्यांना 12 मिनिटं लागला आणि तुला 17. म्हणजे ते वर 5 मिनिटं उभे होते, पाणी पिऊन झालं, फोटो काढून झाला, श्वास जागेवर आला, आणि तू पोचलीस की ते ताजेतवाने होऊन निघाले आणि तू एक मिनिटही न थांबता परत त्यांच्या मागे. पुढच्या चढाला पुन्हा तेच. म्हणजे ग्रुपमध्ये जी सगळ्यात नवीन तिला सगळ्यात कमी विश्रांती आणि जे जुने मुरलेले त्यांना सगळ्यात जास्त, सगळा उलटा कारभार. मुद्दाम कोणी करत नाही, टाळ्याही मनापासूनच वाजवत असणार, पण दर रविवारी तुझं वर्कआउट त्या सगळ्यांपेक्षा अवघड होतंय आणि तू घरी येऊन म्हणतेस मलाच जमत नाही.

त्यामुळे ग्रुपचं उत्तर आधीच देऊन टाकते, सोडू नकोस, पण आत्ता चाललंय तसं चालूही देऊ नकोस. ते कसं बदलायचं ते सांगते, त्याआधी तुझं स्वतःचं पळणं बघू कारण घोळ तिथंही आहे.

घोळ हा की तू सपाटीचा वेग घेऊन चढाला भिडतेस. 72 मिनिटांत 10 किलोमीटर म्हणजे किलोमीटरला 7 मिनिटं 12 सेकंद. पळताना शरीराला किती ऑक्सिजन लागतो याचं व्यायामशास्त्रात एक नेहमीचं सूत्र आहे, त्यात वेग आणि चढ घातला की गणित असं येतं की 5 टक्के चढावर, म्हणजे 100 मीटर पुढे गेल्यावर 5 मीटर वर, तोच वेग ठेवलास तर मेहनत साधारण 20 टक्क्यांनी वाढते आणि 8 टक्क्यांवर 30 च्या वर जाते. उलट मेहनत तेवढीच ठेवायची असेल तर 5 टक्क्यांवर तुझा वेग पावणेनऊ मिनिटांच्या जवळ आला पाहिजे आणि 8 टक्क्यांवर पावणेदहाच्या. बघ किती फरक आहे, आणि तू बाकीच्यांबरोबर राहायचं म्हणून पहिलं वळण येईपर्यंत सातच्या आसपासच धावत असणार, मग धाप नाही लागली तरच नवल. पुढच्या मुलामुलींना ते झेपतं कारण त्यांचा सपाटीचा वेग साडेपाच असेल, ते चढावर सातला आले तर ते त्यांच्यासाठी हळूच आहे की.

म्हणून चढ लागला की घड्याळातला वेग बघायचाच नाही. बाही खाली ओढून घे वाटल्यास. झाडीत आणि वळणावळणाच्या रस्त्यावर घड्याळ तो क्षणाक्षणाचा वेग तसाही धड दाखवत नाही, आणि स्ट्रावा ॲपवर कोणाला काय दिसेल याचा विचार चढावर करण्याएवढा ऑक्सिजन कोणाकडेच नसतो. चढावर धरून ठेवायची ती मेहनत. ती मोजायला माझी साधी चाचणी अशी, की पळता पळता "अहो काका, जरा डावीकडून जाऊ द्या" एवढं वाक्य एका दमात म्हणता आलं पाहिजे. "अहो का" वरच अडकलीस तर हळू हो, आणि त्याच काकांना टेकडीवर कुत्रं मोकळं सोडण्यावरून अख्खं लेक्चर देता येत असेल तर थोडा वेग वाढवायला हरकत नाही. श्वास मोजायची सवय असेल तर सपाटीला तीन पावलं आत, तीन बाहेर असं बहुतेकांचं बसतं, चढावर ते दोन-दोन होतं. एक-एक वर आलीस म्हणजे जास्त होतंय, आणि ते शेवटच्या शंभर मीटरला चालेल, पहिल्या वळणाला नाही.

आता पाऊल. चढ दिसला की बहुतेक जण लांब लांब ढांगा टाकायला लागतात, जणू चढ लवकर संपेल. पाय लांब पुढे पडला की अख्खं शरीर त्या पायावर वर ओढून घ्यावं लागतं आणि मांड्या भरून येतात. तू उलट कर, चढ सुरू व्हायच्या वीसेक पावलं आधीच पाऊल छोटं करायला घे, पावलांचा ताल तोच ठेव, फक्त प्रत्येक पावलात अंतर कमी. पाय कमरेच्या खाली पडू दे, फार पुढे नको. कमरेतून वाकायचं नाही, वाकलीस की छाती दाबली जाते आणि श्वास अजून अडतो, झुकायचंच तर घोट्यापासून सगळं अंग मिळून किंचित पुढे. नजर पायाच्या अंगठ्यावर नको आणि टेकडीच्या टोकावर तर अजिबातच नको, दहा-पंधरा फूट पुढची वाट बघायची. कोपर मागे खेचलंस की पाय आपोआप उचलला जातो, चढावर हातांचं काम आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच जास्त असतं. आणि टाच टेकली नाही तरी चालतंय, चढावर चवड्यावर पडणं साहजिक आहे, फक्त त्याने पोटऱ्या आणि टाचेमागची शीर यांच्यावर ताण येतो, म्हणून सुरुवातीला आठवड्यातून एकदाच टेकडी, दोनदा नको.

त्या 180 चं पण सांगून टाकते कारण हे प्रत्येक ग्रुपमध्ये कोणीतरी सांगतंच. जॅक डॅनियल्स नावाचे अमेरिकन कोच, त्यांनी 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली आणि जवळजवळ सगळे मिनिटाला 180 किंवा त्याच्या वर होते. पण ते ऑलिम्पिकवाले आणि तेही रेसच्या वेगात. किलोमीटरला सात-आठ मिनिटांनी पळणाऱ्या बाईची पावलं 160-165 असली तर काही बिघडलेलं नाहीये. तुझा जो काही आकडा सपाटीवर येतो तो चढावर फार पडू द्यायचा नाही, एवढंच लक्षात ठेव.

ताल म्हणजे काय हे बघायचं असेल तर आपल्याला कुठं लांब जायला नको. माऊलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते तेव्हा दिवे घाटात उभी राहून बघ एकदा. रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, कारण बैलांनासुद्धा घाट तेवढ्याच ताकदीत जमत नाही, आणि माणसं बघशील तर साठी-सत्तरीच्या आज्या, डोक्यावर तुळस, टाळाच्या ठेक्यावर छोटी छोटी पावलं टाकत घाट चढून जातात. कोणी कोणाच्या पुढे जात नाही, दिंडीची चाल ठरलेली असते. आणि हे सगळं दिवसभरात तीस किलोमीटरच्या आसपास चालण्याच्या मधे. आपण दोन हजारांचं घड्याळ आणि दहा हजारांचे शूज घालून टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्यावर धापा टाकतो तेव्हा मला त्या आज्याच आठवतात.

वजनाचं म्हणशील, तर शास्त्राने ते खरंच आहे, वर न्यायचं ओझं कमी असलं की मेहनत कमी. पण तुला विचारलं नसताना, चढ चढून धापा टाकत असताना हे सांगणारा माणूस काही फार मोठं गुपित सांगत नाहीये. पळायला लागल्यावर एक्केचाळिशीच्या बाईने कमी खायला सुरुवात केली की आधी थकवा, मग दुखापत. सोड ते. हिमोग्लोबिन मात्र एकदा तपासून घे, आपल्याकडे बायकांत ते कमी असणं फार कॉमन आहे आणि कमी असेल तर कुठलीही टेकडी डोंगरच वाटणार.

चालणं म्हणजे चीटिंग का? अजिबात नाही. चढ साधारण 15 अंशांहून जास्त खडा झाला की त्याच वेगाने वर जायला पळण्यापेक्षा चालणं स्वस्त पडतं, हे कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ट्रेडमिल भयंकर तिरकी करून मोजलेलं आहे. आतकरवाडीतून सिंहगडावर जाणारी पायवाट आठव, तिथं कितीतरी जागा तेवढ्या खड्या आहेत, तिथं झपाझप चालणारा माणूस पळणाऱ्याला गाठतो. घाटातला डांबरी रस्ता एवढा खडा नसतो, पण तिथंही चालायला कोणी अडवलंय? दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची साधारण 90 किलोमीटरची शर्यत होते, पुण्यातून दर वर्षी बरेच जण जातात, तिथल्या पॉली शॉर्ट्सच्या चढावर बहुतेक पब्लिक चालतच असतं आणि त्यांना मेडल मिळतं. फक्त तुझ्या चालण्यात एक गडबड आहे. धाप लागली, पार मोडून पडले, की मग चालते, मग लाज वाटली की पळते. हे लाजेच्या हिशोबाने चालणं झालं. ठरवून चाल. लांब घाट असेल तर चार मिनिटं पळणं एक मिनिट चालणं, पहिल्या मिनिटापासून, अजून ताजी असतानाच. पहिल्या दोन रविवारी पुढचे लोक हसतील, चौथ्या रविवारी त्यांच्यातला एखादा वर चढता चढता तुला भेटेल, आणि त्या वेळी तो चालत असेल.

आता ग्रुप. मला विचारशील तर टेकडीवर एकत्र ट्रेनिंग करायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे अंतरावर न जाता वेळेवर जायचं. सगळे जण पायथ्याला एका जागी. शिट्टी वाजली की सगळे वर, प्रत्येकजण आपापल्या मेहनतीने, तीन मिनिटांनी दुसरी शिट्टी, सगळे जिथं असतील तिथून मागे फिरणार आणि सावकाश खाली येणार. जो पुढे होता तो जास्त वर गेलेला, त्याला यायला जास्त अंतर, तू कमी वर गेलेली, तुला कमी अंतर, त्यामुळे सगळे थोड्याफार फरकाने एकाच वेळी खाली. कोणाला कोणाची वाट बघायला लागत नाही, विश्रांती सगळ्यांना सारखी आणि सगळ्यात गंमत म्हणजे उतरताना तू पुढे असतेस आणि वर गेलेले तुझ्या मागून येतात, पाठमोरे दिसत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका ग्रुपने हे सुरू केल्यावर जे दोन-तीन जण रविवारी "आज बरं नाही" म्हणून दांडी मारायचे ते यायला लागले.

लांब घाटाला शिट्टीचं जमत नाही, तिथं उलटी सुरुवात करायची. जो सगळ्यात हळू तो आधी निघणार, मग दहा मिनिटांनी मधले, मग अजून पाच-सात मिनिटांनी ते साडेपाचवाले. बरोबर ठरवलं तर सगळे वर एकत्र पोचतात, आणि पुढच्यांना पण पाठलाग करायला कोणीतरी मिळतं म्हणून ते नेहमीपेक्षा जोरात येतात. तुमचे सर जर "नुसत्या येत राहा" एवढंच म्हणत असतील तर त्यांना हे दोन्ही सुचव, खरंतर हे त्यांचं काम आहे पण रविवारी तीस माणसं सांभाळताना सगळं सुचतंच असं नाही.

आणि हे काही मी शोधलेलं नाही की नव्या-जुन्यांना एकत्र पळवता येतं. न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड म्हणून कोच होते, बुटांच्या कारखान्यात काम करायचे, त्यांच्याकडे ऑकलंडमधली आसपासचीच पोरं पळायला यायची. दर रविवारी वायटाकेरे डोंगरातला साधारण 35 किलोमीटरचा चढउताराचा फेरा, आणि त्यात मॅरेथॉनवाला, पाच हजार मीटरवाला आणि फक्त 800 मीटर पळणारा, सगळे एकत्र. वेग कुठला तर बोलत बोलत जाता येईल असा. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये त्यातल्या पीटर स्नेलने 800 मीटरचं आणि मरे हॅलबर्गने 5000 मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी मिळवलं आणि बॅरी मॅगीला मॅरेथॉनचं कांस्य. रविवारच्या त्या फेऱ्यात कोण पहिला आला हे कोणी विचारत नव्हतं, जोर लावायचे दिवस वेगळे असायचे. आपल्याकडे उलट होतं, रविवारच्या टेकडीवर सगळे रेस पळतात आणि रेसच्या दिवशी पाय जड.

सरांशी तोंडावर बोलायला अवघड वाटत असेल तर ग्रुपवर मेसेज टाक, फार स्पष्टीकरण न देता. "पुढच्या रविवारपासून शेवटचा माणूस वर पोचला की सगळेच तीन मिनिटं थांबूया का? मागून येणाऱ्यांना पाणी प्यायला वेळ मिळत नाही." बास. तुझ्या नावाने मागू नकोस, मागून येणाऱ्यांच्या नावाने माग, कारण मी खात्रीने सांगते तुझ्या मागेपुढे अजून दोघंतिघं आहेत जे गप्प बसलेत. अंगठे पडायला लागतील बघ. त्यातूनच एखादी तुझ्या वेगाची मिळेल, तिला धर. टेकडीवर वीस माणसांचा ग्रुप असण्यापेक्षा तुझ्या श्वासाचा एक जोडीदार असणं जास्त कामाचं. आणि हे सगळं सांगूनही ऐकलं नाही, टाळ्या वाजवून निघून जाणं चालूच राहिलं, तर मग ग्रुप बदल, पुण्यात रनिंग ग्रुप काय मिसळीच्या दुकानांएवढे झालेत.

एकटीने तयारी नको म्हणते त्याला अजून एक कारण. पहाटे अंधारात टेकडीवर किंवा घाटात एकट्या बाईने जाऊ नये, हे मला लिहायला आवडत नाही पण लिहिते. मधल्या वारी सराव करायचा असेल तर उजाडल्यावर, वर्दळ असते तिथं. तुला कोथरूडहून पौड रोडच्या बाजूने एआरएआयला जाणारा डांबरी चढ जवळ आहे, छोट्या फेऱ्यांना उत्तम. वेताळ टेकडी शहरातली सगळ्यात उंच, तिथल्या मातीच्या वाटा पायांना मऊ लागतात आणि सकाळी मोर दिसतो तो बोनस, पण मुरमावर उतरताना घसरायला होतं, पावसाळ्यात तर जपूनच. तळजाई त्यामानाने सौम्य, सुरुवातीला चांगली. पर्वतीच्या पायऱ्या बरेच जण सुचवतील, मांड्यांना त्या छानच पण पायरी म्हणजे पावलाची उंची आणि लांबी दगडाने ठरवलेली, तुझं तुला काही ठरवता येत नाही, म्हणून तुझं पाऊल सापडायला त्याचा उपयोग कमी. सिंहगड घाट महिन्यातून एकदा पुरे आणि लवकर, कारण साडेसातनंतर भजी खायला निघालेल्या गाड्यांची रांग लागते. घाटात समोरून गाड्या येतील त्या बाजूने पळ, आंधळ्या वळणावर मात्र बाजू बदलावी लागते, आणि भडक रंगाचं काहीतरी अंगात असू दे.

सुरुवात अशी कर. पहिले दोन-तीन आठवडे मध्यम चढावर 45 सेकंद वर, चालत खाली, असं सहा वेळा, बास, घरी जा. त्यानंतर ती तीन मिनिटांची शिट्टीवाली, चार-पाच वेळा. ते अंगवळणी पडलं की वीस-पंचवीस मिनिटांचा एक सलग चढ, बोलता येईल अशा मेहनतीने. आणि एक सवय आत्तापासूनच लाव, माथा आला की थांबायचं नाही, माथ्यावरून पुढे अर्धा मिनिट तरी पळत राहायचं. सगळे माथ्यावर कोसळतात त्यामुळे शरीराला वाटतं माथा म्हणजे शेवट, आणि साताऱ्याला माथ्यानंतर अर्धी शर्यत बाकी असते.

साताऱ्याचं असं आहे बघ. 2012 पासून होते ती शर्यत, 21 किलोमीटर, शहरातून निघून यवतेश्वर घाट चढायचा, कासच्या रस्त्याने पुढे आणि त्याच वाटेने परत. म्हणजे पहिला अर्धा मुख्यतः चढ आणि दुसरा अर्धा मुख्यतः उतार. लोक चढाची तयारी करून जातात आणि उतारावर पाय जातात. 2002 मध्ये अल्बर्टो मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी मोजलं होतं की 20 टक्के उतारावर पळायला सपाटीच्या जवळपास निम्मी ऊर्जा लागते, म्हणजे श्वासाला उतार म्हणजे सुट्टी. पण मांडीचा पुढचा स्नायू तिथं ताणला जाता जाता ब्रेक लावत असतो, त्यात त्याला बारीक बारीक इजा होते, आणि ते दुखणं त्या दिवशी कळतच नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमोडवर बसताना कळतं. चांगली गोष्ट ही की एकदा उतारावर थोडं पळून दुखवून घेतलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने तेवढं दुखत नाही, स्नायू शिकतो. म्हणून सहाव्या-सातव्या आठवड्यापासून खाली चालत येण्याऐवजी हळूहळू पळत ये, आधी दोन फेऱ्या, मग चार. शर्यतीच्या आधीच्या दहा दिवसांत मात्र उताराचा नवा प्रयोग नको.

तुझा गुडघा इथंच येतो. पुढच्या बाजूला, वाटीच्या आसपास, आणि उतरतानाच दुखतं म्हणजे बऱ्याचदा पाय लांब पुढे टाकून टाचेवर ब्रेक मारणं आणि मांडीत ताकद कमी असणं या दोन गोष्टी असतात. उतारावर पण छोटी पावलं, चढापेक्षाही जास्त भराभर, गुडघा थोडा वाकलेला, पाय अंगाखाली, हात तोल सांभाळायला बाजूला पसरले तरी कोणी बघत नाहीये. मागे रेलायचं नाही, भीती वाटली की आपण सगळे मागे रेलतो आणि त्याने ब्रेक अजून जोरात लागतो. सोसायटीच्या जिन्यात आठवड्यातून दोनदा हे कर, पायरीवर एका पायावर उभी राहून दुसरी टाच अगदी सावकाश खालच्या पायरीला टेकवायची आणि परत वर, दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, त्यानंतर पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा वरखाली. लिफ्टची वाट बघणारे शेजारी विचारतील काय करताय, सांग व्यायाम. हे करताना गुडघा आत वळत असेल तर आरशात बघून सरळ ठेव.

पण गुडघ्याला सूज येत असेल, मधेच अडकत असेल, जिना उतरताना पाय एकदम सुटल्यासारखा होत असेल किंवा नुसतं बसल्यावरही दुखत असेल तर यातलं काहीही न करता आधी ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखव. यातलं काही नसेल तर तीन आठवडे उतार पूर्ण बंद, टेकडीवर वर पळत जायचं आणि खाली चालत यायचं, जिन्यातले व्यायाम चालू. तीन आठवड्यांनी कमी नसेल तर फिजिओ. साताऱ्याचं रजिस्ट्रेशन लवकर भरतं म्हणून ग्रुपवर घाई सुरू झाली असेल, ती ऐकू नकोस, आधी एआरएआयचा चढ चार वेळा वर आणि चार वेळा पळत खाली दुखल्याशिवाय झाला पाहिजे, या वर्षी नाही झाला तर पुढच्या वर्षी आहेच. आणि त्या मेसेजवर किती अंगठे आले ते मला कळव.